वायूंचे नियम आणि दाबमापकाचा काटा

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रातील कितीतरी घरांत एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारला जात होता. हा सिलिंडर किती तास पुरेल? सिलिंडर पोलादी, आतला ऑक्सिजन डोळ्यांना न दिसणारा. हाताशी असलेली एकमेव खूण म्हणजे झडपेवर बसविलेल्या दाबमापकाचा काटा. तो दीडशेवर असेल तर किती वेळ, साठवर आला तर किती? या प्रश्नाचे उत्तर वस्तुत: शाळेच्या पाठ्यपुस्तकात होते. ‘तापमान स्थिर असता वायूचे आकारमान त्याच्यावरील दाबाच्या व्यस्त प्रमाणात असते’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाठ केले, त्याचे दोन गुण मिळविले आणि परीक्षेनंतर ते विसरून गेलो.

रुग्णालयांत ज्याला ‘जम्बो’ म्हणतात त्या सिलिंडरची पोकळी सुमारे ४७ लिटरची असते आणि तो पूर्ण भरलेला असताना आतील दाब सुमारे १५० बार असतो. एक बार म्हणजे जवळजवळ आपल्या भोवतालच्या हवेचा दाब. दाब दीडशे पटींनी उतरला की तोच वायू दीडशे पट जागा व्यापणार. म्हणजे ४७ गुणिले १५०, सुमारे सात हजार लिटर. रुग्णाला मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन लागत असेल तर हा साठा १,४०० मिनिटे, म्हणजे तेवीस तासांहून थोडा अधिक पुरेल. मिनिटाला १५ लिटर लागत असेल तर पावणेआठ तासांत संपेल. काटा साठवर असेल तर उरलेला वायू सुमारे २,८०० लिटर. मिनिटाला ५ लिटरप्रमाणे साडेनऊ तासांच्या आत दुसरा सिलिंडर हाताशी हवा. एका गुणाकाराचे आणि एका भागाकाराचे हे काम आहे.

या हिशेबात एक बारकावा आहे. दाबमापक शून्य दाखवितो तेव्हा सिलिंडर रिकामा नसतो. त्यात बाहेरच्या हवेइतक्या दाबाचा वायू उरलेला असतो. फक्त तो बाहेर येऊ शकत नाही, कारण आत-बाहेर दाब सारखा झालेला असतो. दाबमापक दाखवितो तो वातावरणाच्या वरचा दाब. म्हणूनच काट्यावरचा आकडा आणि पोकळीचे आकारमान यांचा गुणाकार आपल्याला नेमका वापरता येण्याजोगा वायू सांगतो.

जिन्यात केलेला प्रयोग

हा नियम रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली प्रसिद्ध केला. त्याच्या सुमारे वीस वर्षे आधी इटलीत टॉरिचेल्ली यांनी पाऱ्याच्या नळीने हवेला वजन आणि दाब असल्याचे दाखवून दिले होते. १६४८ मध्ये फ्रान्समध्ये पास्कल यांच्या सांगण्यावरून त्यांच्या मेहुण्यांनी प्यु द डोम या डोंगरावर तीच नळी नेली आणि उंचीबरोबर पारा खाली येतो हे पाहिले. बॉइल यांना कुतूहल होते ते हवेच्या ‘कमानी’चे, दाबली असता ती आखडते आणि सोडली असता पुन्हा फुगते, या गुणाचे. रॉबर्ट हूक या कुशल मदतनिसाने त्यांच्यासाठी हवा उपसणारा पंप तयार केला होता. १६६० साली या प्रयोगांवरचा ग्रंथ निघाला, त्यावर आक्षेप आले, आणि आक्षेपांना उत्तर देताना बॉइल यांनी आपला प्रसिद्ध प्रयोग केला.

इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराची काचेची नळी, आखूड बाजू वरून बंद, लांब बाजू उघडी. उघड्या बाजूने पारा ओतायचा आणि बंद बाजूतील हवा किती आखडते ते मोजायचे. नळी इतकी लांब होती की खोलीत मावेना, म्हणून ती जिन्यात उभी करावी लागली. आधीची नळी फुटून पारा सांडला होता, तेव्हा खाली लाकडी पेटी ठेवली. दोन्ही बाजूंच्या पाऱ्यात सुमारे २९ इंचांचा फरक पडला, म्हणजे वातावरणाच्या दाबात तेवढ्याच दाबाची भर पडली, तेव्हा कोंडलेली हवा निम्म्या जागेत मावली. दाब दुप्पट, जागा निम्मी. दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो अशी कल्पना रिचर्ड टाउन्ली यांनी सुचविल्याचे बॉइल यांनी मोकळेपणाने नमूद केले आहे. फ्रान्समध्ये हाच नियम मारियट यांच्या नावाने शिकवितात. त्यांनी तो १६७६ मध्ये स्वतंत्रपणे मांडला.

‘तापमान स्थिर असता’ हे तीन शब्द विद्यार्थी घाईत गाळतात, आणि तेथेच सारा घोटाळा होतो. भरलेला सिलिंडर दुपारी उन्हात ठेवला, आतील वायू २७ अंश सेल्सिअसवरून ५७ अंशांवर गेला, तर काटा दीडशेवरून १६५ च्या आसपास चढेल. ऑक्सिजन मात्र रेणूभरही वाढलेला नसतो. संध्याकाळी काटा पुन्हा खाली येतो आणि गळती झाली की काय, अशी शंका मनात येते.

बलून आणि उणे २७३

उष्णतेने वायू किती प्रसरण पावतो, हा प्रश्न अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये ऐरणीवर आला, आणि त्याचे कारण होते बलून. झाक शार्ल (आपल्या पाठ्यपुस्तकांतील चार्ल्स ते हेच) यांनी २७ ऑगस्ट १७८३ रोजी हायड्रोजनने भरलेले पहिले बलून आकाशात सोडले. ते गोनेस या गावी उतरले तेव्हा घाबरलेल्या गावकऱ्यांनी कोयत्या-दाताळ्यांनी त्याच्या चिंध्या केल्या. त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी शार्ल स्वत: अशा बलूनमधून उडाले. पुढे १७८७ च्या सुमारास त्यांनी वेगवेगळे वायू सारख्याच प्रमाणात तापवून पाहिले. पण निष्कर्ष प्रसिद्ध केले नाहीत. १८०२ मध्ये गे-ल्युसॅक यांनी हे काम नव्याने आणि अधिक काटेकोरपणे केले, आणि शार्ल यांचे श्रेय त्यांना दिले. त्यामुळेच अप्रसिद्ध प्रयोगाला एका नियमाचे नाव मिळाले.

आढळले ते असे. दाब स्थिर ठेवला तर तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले असता कोणताही वायू आपल्या शून्य अंशावरील आकारमानाच्या ठरावीक अंशाने फुगतो. हा अंश गे-ल्युसॅक यांच्या मोजणीत सुमारे १/२६७ निघाला. नंतरच्या अधिक अचूक मोजणीने तो १/२७३ ठरला. हायड्रोजन असो, ऑक्सिजन असो वा साधी हवा, अंश तोच. घन आणि द्रव पदार्थ असे वागत नाहीत. तांबे आणि लोखंड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, पाणी तर चार अंशांच्या खाली उलटेच वागते. पदार्थ बदलला तरी वर्तन बदलत नाही, ही गोष्ट केवळ वायूंच्याच बाबतीत का घडावी, याचे उत्तर मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

उलट दिशेने विचार केला तर प्रत्येक अंशाने १/२७३ भाग आकुंचन पावणारा वायू उणे २७३ अंशांवर नाहीसाच व्हायला हवा! प्रत्यक्षात तो त्याआधीच द्रव होतो. परंतु आलेखावरील ही रेषा जेथे शून्याला मिळते तो बिंदू खरा ठरला. १८४८ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्विन, यांनी तेथून मोजल्या जाणाऱ्या केवल तापमानाची कल्पना मांडली. आज तो बिंदू उणे २७३.१५ अंश सेल्सिअस मानला जातो. वायूंच्या गणितात तापमान नेहमी येथूनच मोजावे लागते. २० अंशांवरून ४० अंशांवर गेलेला वायू ‘दुप्पट तापला’ असे म्हणणे चूक आहे. तो २९३ वरून ३१३ केल्विनवर गेला, म्हणजे जेमतेम सात टक्क्यांनी.

समान जागा, समान संख्या

१८०८ मध्ये गे-ल्युसॅक यांना आणखी एक गोष्ट दिसली. वायू एकमेकांशी संयोग पावतात तेव्हा त्यांची आकारमाने साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात असतात. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांच्यापासून दोन लिटर वाफ मिळते. १८११ साली इटलीतील आमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रो यांनी याचा अर्थ लावला: समान तापमान व समान दाब असता समान आकारमानाच्या सर्व वायूंत रेणूंची संख्या समान असते. अडचण एवढीच की मग ऑक्सिजनच्या एका कणाचे दोन तुकडे होऊन ते वाफेच्या दोन कणांत जायला हवेत. अ‍ॅव्होगॅड्रो म्हणाले, तसेच होते. ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा आहे. ज्यांच्या अणुवादावर तेव्हाचे रसायनशास्त्र उभे होते त्या डाल्टन यांना आकारमानांचा हा नियमच मान्य नव्हता. अ‍ॅव्होगॅड्रो १८५६ मध्ये वारले. १८६० साली कार्लस्रूह येथील परिषदेत कॅनिझारो यांनी या कल्पनेची बाजू मांडली, आणि अणुभारांचा गोंधळ तेथून सुटू लागला.

या नियमाचा स्वयंपाकघराशी थेट संबंध आहे. समान आकारमानात समान संख्येने रेणू असतील तर ज्याचा रेणू जड तो वायू जड. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९. घरगुती सिलिंडरमधील प्रोपेनचा ४४ आणि ब्युटेनचा ५८. गळती झाली तर हा वायू जमिनीलगत साचतो, ओट्याखाली आणि कोपऱ्यात रेंगाळतो. केवळ वरचा झरोका उघडून तो जात नाही, दार आणि खालच्या बाजूच्या खिडक्या उघडाव्या लागतात. नळाने येणारा नैसर्गिक वायू मुख्यत: मिथेनचा, रेणुभार १६, तो वर जाऊन छताखाली जमतो. गळतीचा इशारा देणारे यंत्र पहिल्या वायूसाठी खाली आणि दुसऱ्यासाठी वर लावतात ते यामुळेच.

डाल्टन यांचा आंशिक दाबाचा नियम (१८०१) थोडक्यात सांगता येतो. मिश्रणातील प्रत्येक वायू जणू तो एकटाच आहे असा दाब देतो आणि एकूण दाब म्हणजे या सर्वांची बेरीज. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. समुद्रसपाटीवरील ७६० मिलिमीटर दाबापैकी त्याचा वाटा सुमारे १६० मिलिमीटर. ‘उंचावर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण घटते’ असे वर्तमानपत्रांतून वारंवार छापले जाते, ते बरोबर नाही. गे-ल्युसॅक यांनी १८०४ मध्ये बलूनमधून सुमारे सात हजार मीटर उंचीवर जाऊन तेथील हवा बाटल्यांत भरून आणली. प्रमाण तेच निघाले. कमी होतो तो दाब. सुमारे साडेतीन हजार मीटरवरील लेह येथे एकूण दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी, म्हणून ऑक्सिजनचा आंशिक दाबही शंभर मिलिमीटरच्या आसपास, आणि फुप्फुसांना प्रतिसाद द्यावा लागतो तो या दाबाला.

बॉइल, चार्ल्स आणि अ‍ॅव्होगॅड्रो यांचे नियम एकत्र केले की दाब गुणिले आकारमान बरोबर मोलसंख्या गुणिले स्थिरांक गुणिले केवल तापमान, हे सुपरिचित समीकरण मिळते. १८३४ मध्ये क्लापेरॉन यांनी त्याची पहिली मांडणी केली. त्यातील स्थिरांक ८.३१४ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन इतका. शून्य अंश सेल्सिअसला आणि एक वातावरण दाबाला कोणत्याही वायूचा एक मोल २२.४ लिटर जागा व्यापतो, हे याच समीकरणातून येते.

मुंबईहून पाठविलेला निबंध

सर्व वायू सारखेच का वागतात, याचे उत्तर ज्यांनी फार आधी दिले त्यांपैकी एक जण मुंबईत राहत होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. जॉन जेम्स वॉटरस्टन हे मूळचे एडिंबरोचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी छात्रांचे शिक्षक म्हणून ते १८३९ पासून मुंबईत होते. डिसेंबर १८४५ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला एक निबंध पाठविला. वायू म्हणजे सर्व दिशांनी वेगाने धावणाऱ्या आणि एकमेकांवर व भांड्याच्या भिंतींवर आपटणाऱ्या रेणूंचा समूह. दाब म्हणजे या आघातांचा एकूण परिणाम. आणि तापमान म्हणजे रेणूंच्या गतिज ऊर्जेचे माप. डॅनिएल बर्नोली यांनी १७३८ मध्ये अशी कल्पना मांडली होती. परंतु समान तापमानाला जड आणि हलके रेणू यांची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच असते, हे वॉटरस्टन यांनी ओळखले. बॉइलचा नियम, चार्ल्सचा नियम, अ‍ॅव्होगॅड्रोचे विधान, सारे यातून आपोआप निघते. जागा निम्मी केली की भिंतीवर दुप्पट आघात. रेणू कोणत्या पदार्थाचा हे आघातांची बेरीज करताना महत्त्वाचे राहत नाही.

निबंधात काही चुका होत्या, पण गाभा अचूक होता. एका परीक्षकाने तो निव्वळ निरर्थक ठरविला. तो छापला गेला नाही, आणि सोसायटीच्या रिवाजानुसार हस्तलिखित लेखकाला परतही मिळाले नाही. वॉटरस्टन यांनी स्वत:जवळ प्रत ठेवलेली नव्हती. १८५७ मध्ये ते मायदेशी परतले. त्याच वर्षी क्लॉसियस यांनी आणि त्यानंतर लवकरच मॅक्सवेल यांनी हाच सिद्धांत स्वतंत्रपणे उभारला आणि तो जगन्मान्य झाला. जून १८८३ मध्ये वॉटरस्टन एडिंबरो येथे फिरायला म्हणून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. त्यानंतर आठ वर्षांनी सोसायटीचे चिटणीस लॉर्ड रॅले यांना दप्तरखान्यात तो निबंध सापडला. १८९२ मध्ये त्यांनी तो स्वत:च्या प्रस्तावनेसह छापला आणि या उपेक्षेमुळे विषयाची प्रगती दहा-पंधरा वर्षे रखडली असावी, असे मत नोंदविले.

या सिद्धांतानुसार २७ अंश सेल्सिअसला ऑक्सिजनच्या रेणूंचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर भरतो, ध्वनीपेक्षाही अधिक. मग खोलीच्या एका टोकाला उघडलेल्या अत्तराचा वास दुसऱ्या टोकाला लगेच का येत नाही, हा आक्षेप त्याच काळात घेतला गेला. कारण असे की रेणूला सरळ धाव घेताच येत नाही. भोवतालच्या हवेत तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात दुसऱ्या रेणूवर आदळतो आणि दिशा बदलतो. गणपतीच्या मिरवणुकीत घाईने निघालेल्या माणसासारखीच त्याची गत असते.

नियम मोडतो तेथे

आतापर्यंत सांगितले ते ‘आदर्श’ वायूविषयी. त्यात दोन गोष्टी गृहीत आहेत. रेणू स्वत: जागा व्यापत नाहीत आणि त्यांना एकमेकांची ओढ नसते. दोन्ही खोट्या आहेत. पण साध्या दाबाला रेणू इतके विरळ असतात की हा खोटेपणा खपून जातो. दीडशे बारला ऑक्सिजनच्या बाबतीत आपल्या वरच्या हिशेबात सुमारे पाच टक्क्यांची चूक येते. रेणूंच्या परस्पर आकर्षणामुळे सिलिंडरमध्ये हिशेबापेक्षा थोडा अधिकच वायू मावतो, म्हणजे चूक रुग्णाच्या बाजूची असते. हॉलंडमधील योहानेस व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ च्या आपल्या प्रबंधात या दोन्ही गोष्टींची दुरुस्ती समीकरणात बसविली. १९१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

आकर्षण पुरेसे प्रबळ झाले की वायूचा द्रव होतो आणि मग बॉइलचा नियम पूर्णच गैरलागू ठरतो. घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात मुख्यत: द्रव असतो, वर थोडी वाफ. वाफ वापरली की द्रवातून नवी वाफ तयार होते आणि दाब होता तेवढाच राहतो. सिलिंडर भरलेला असो की अर्धा, तापमान तेच असेल तर दाब तोच. म्हणून त्याला दाबमापक लावून काही कळणार नाही. साठा जाणायचा तर वजनच करावे लागते. रिक्षातील सीएनजीच्या टाकीचे मात्र तसे नाही. तो मिथेन २०० बारलाही वायूच राहतो आणि काटा खरे सांगतो.

हा भेद कशामुळे, ते बेलफास्टचे टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये दाखवून दिले. प्रत्येक वायूचे एक क्रांतिक तापमान असते. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी तो द्रव होत नाही. कार्बन डायऑक्साइडचे ते ३१ अंश सेल्सिअस, प्रोपेनचे सुमारे ९७, मिथेनचे उणे ८२ च्या आसपास आणि ऑक्सिजनचे उणे ११८. हे ठाऊक नसल्यामुळे आधीच्या संशोधकांनी ऑक्सिजनवर प्रचंड दाब देऊन पाहिला. व्हिएन्नातील नाटेरर यांनी तर दोन हजार वातावरणांच्याही पलीकडे मजल मारली. काही साधले नाही आणि ऑक्सिजनला ‘स्थायी वायू’ म्हटले जाऊ लागले. आधी थंड करायला हवे हे उमगल्यावर डिसेंबर १८७७ मध्ये फ्रान्समध्ये कायते आणि जिनिव्हात पिक्ते यांनी काही दिवसांच्या अंतराने द्रव ऑक्सिजनचे तुषार मिळविले. १८८३ मध्ये क्रॅको येथे तो भांड्यात स्थिर राहील इतका जमविता आला. १८९५ मध्ये लिंडे यांनी हवा द्रवरूप करण्याची औद्योगिक रीत बसविली आणि आजचे कारखाने त्याच तत्त्वावर चालतात.

द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो. त्याच्या एका लिटरपासून आपल्या हवामानात सुमारे ८५० लिटर वायू मिळतो. दीडशे बारच्या सिलिंडरमधील एका लिटर पोकळीपासून मात्र दीडशेच. शिवाय द्रवाच्या टाकीला जाड पोलादाची गरज नसते, हवे असते ते उष्णतारोधक आवरण. म्हणूनच मोठ्या रुग्णालयांत द्रवाच्या टाक्या असतात. अशा टाकीवर किती जण अवलंबून असतात, ते २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकमध्ये दिसले. महापालिकेच्या रुग्णालयात टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला.

त्याच आठवड्यात, १९ एप्रिल रोजी, कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला रवाना करण्यात आले होते. ही देशातील पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’. भरलेले टँकर २३ एप्रिलला नागपूरला आणि दुसऱ्या दिवशी नाशिकला पोहोचले. रुग्णालयाच्या आवारात हा द्रव बर्फ साचलेल्या पंखेदार नळ्यांतून जातो, भोवतालच्या हवेच्या उष्णतेनेच वायू होतो आणि सुमारे चार बार दाबाने खाटेपाशी येतो. तेथे प्रवाहमापकावर मिनिटाचे लिटर पुन्हा मोजले जातात.